फोन वर्गाबाहेर, फॉरवर्ड फळ्यावर

वर्गात सोशल मीडिया असावा की नसावा, या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : सोशल मीडिया अजून शाळेच्या फाटकाबाहेर उभा आहे आणि त्याला आत घ्यायचे की नाही, हे आपण ठरवणार आहोत. मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका आहे. आंतरवासितेचे सोळा आठवडे एका तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाच्या शाळेत काढते आहे. आठवी आणि नववीचे वर्ग, विषय मराठी आणि इतिहास. या काळात जे पाहिले त्यावरून सांगते, तो केव्हाच आत आला आहे. आपण त्याला आणला नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही दिले नाही, इतकेच.

शाळेत मुलांना फोन आणायला मनाई आहे आणि बहुतेक मुले ती पाळतात. तरीही सकाळच्या परिपाठात मुले जो दिनविशेष वाचतात, तो घरच्या ग्रुपवरून वहीत उतरवलेला असतो. सुविचार तिथलाच. बातम्या पूर्वी वर्तमानपत्रातून लिहून आणत. आता रात्री मोठ्या भावाच्या फोनवर जे दिसले ते सकाळी तीनशे मुलांसमोर माइकवर बातमी म्हणून वाचले जाते. एखाद्या थोर माणसाच्या तोंडी त्याने कधीही न उच्चारलेले वाक्य असते, एखाद्या जयंतीची तारीख चुकलेली असते. कुणी हटकत नाही, कारण मुलाने तयारी केलेली असते आणि त्याचे कौतुक करायचे असते. फोन घरी राहतो, पण त्यातला मजकूर दप्तरातून शाळेत येतो.

म्हणून आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. फोन हे यंत्र आहे आणि फॉरवर्ड हा मजकूर आहे. यंत्राबद्दल आणि मजकुराबद्दल एकच नियम चालणार नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : फोन वर्गाबाहेर ठेवा आणि फॉरवर्ड फळ्यावर घ्या. आज बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलटे चालले आहे.

टाळेबंदीने दिलेला ग्रुप

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम चालली. शिक्षकांनी वर्गाचे व्हॉट्सअॅप ग्रुप केले, रोजचा अभ्यास त्यावर टाकला, वहीच्या पानांचे फोटो मागवून तपासले. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या ओट्यावर जाऊन शिकवणारे शिक्षकही आपण पाहिले. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्यासाठी ते ओळखले जातात. तंत्रज्ञानाने त्या काळात शाळेची लाज राखली, हे मान्यच केले पाहिजे. जे सारेच वाईट म्हणून मोडीत काढतात, त्यांना त्या दीड-दोन वर्षांचा विसर पडला आहे.

शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले. आता गृहपाठ तिथे, घटक चाचणीचे वेळापत्रक तिथे, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीखही तिथेच. रात्री साडेनऊला ‘उद्या नकाशाची वही आणणे’ असा मेसेज पडतो आणि सकाळी वही न आणणारी मुले उभी केली जातात.

ही मुले कोण असतात, ते मी काही आठवडे पाहते आहे. घरात एकच फोन असतो आणि तो रिक्षा चालवणाऱ्या, गाडीवर भाजी विकणाऱ्या किंवा कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या वडिलांच्या खिशात असतो. वडील येतात तेव्हा मूल झोपलेले असते. मुलींचे तर आणखी अवघड. फोन घरी असला तरी तो आधी भावाच्या हातात जातो, आणि मुलीने मागितला की ‘तुला कशाला हवा?’ हा प्रश्न ठरलेला.

हे केवळ माझ्या वर्गाचे चित्र नाही. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटाची डिजिटल स्थिती पाहिली गेली. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८० टक्क्यांहून जास्त मुलांना तो वापरता येतो. स्वतःचा फोन मात्र, वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे आणि मुलींपैकी २७ टक्क्यांकडे आहे. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असे सांगणारी मुले ५७ टक्के होती, सोशल मीडियासाठी वापरला असे सांगणारी ७६ टक्के.

यातून माझ्यापुरता निघालेला नियम साधा आहे. गृहपाठ फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा, आणि ग्रुपवर फक्त पालकांसाठीची सूचना, तीही संध्याकाळी सातच्या आत. ज्या मुलीच्या घरी फोन नाही, तिला शाळेतली कोणतीही गोष्ट कळायची राहून जाता कामा नये. सरकारी किंवा अनुदानित शाळेत ही किमान अट समजायला हवी.

‘त्याला प्रश्न विचारू नका’

फोन वर्गाबाहेर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. पालकसभेनंतर नववीतल्या एका मुलाची आई माझ्यापाशी थांबली. मुलाच्या मार्कांबद्दल तिला काही विचारायचे नव्हते. म्हणाली, “मॅडम, इतिहासाच्या तासाला त्याला प्रश्न विचारत जाऊ नका. पोरगा काही तरी बोलून बसेल आणि कुणी तरी ते ग्रुपवर टाकेल.”

हा मुलगा वर्गातल्या चांगल्या वाचकांपैकी आहे. त्याला बोलते करणे हे माझे काम आणि त्याने गप्प बसावे ही त्याच्या आईची विनवणी. तिला भित्री म्हणून मोकळे होता येत नाही. ६ जून २०२३ ला, शिवराज्याभिषेकाच्या दिवशी, कोल्हापुरात काही जणांनी व्हॉट्सअॅपवर ठेवलेल्या स्टेटसवरून तणाव झाला. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, लाठीमार आणि मग इंटरनेट बंद. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचे गाव. तिथे हे होते, तर आपल्या गल्लीत का होणार नाही, असा त्या आईचा हिशेब आहे. आपल्यापैकी अनेक घरांत त्या आठवड्यात मुलांचे फोन तपासले गेले, स्टेटस पुसायला लावले गेले. ‘बेटा, फोनवर काही ठेवू नकोस आणि शाळेत काही बोलू नकोस,’ हे वाक्य तेव्हापासून दप्तराबरोबर मुलाच्या पाठीवर असते.

त्याआधीची गोष्टही आपल्याच राज्यातली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. लिहिणारी मुस्लिम होती, लाइक करणारी हिंदू. पुढे त्या प्रकरणाचा संदर्भ घेऊन एका तरुण विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम रद्द केले. मुलांना मी यातल्या दोन्ही गोष्टी सांगते : एका लाइकमुळे अटक झाली, हेही खरे आणि ती अटक ज्या कलमाखाली झाली ते कलम घटनेत बसत नाही असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, हेही खरे. पहिली गोष्टच तेवढी सांगितली तर मूल घाबरते. दुसरीच तेवढी सांगितली तर बेसावध राहते.

आता वर्गाचा विचार करा. चौदा वर्षांचे मूल इतिहासाच्या तासाला काही अर्धवट, काही चुकीचे, काही ऐकीव बोलणारच. ते बोलले तरच शिक्षकाला कळते की त्याच्या डोक्यात काय आहे आणि दुरुस्ती करता येते. ज्या वर्गात कुणाच्या खिशात कॅमेरा आहे, त्या वर्गात हे घडू शकत नाही. तीस सेकंदांचा तुकडा बाहेर जातो, त्याच्या मागचा प्रश्न आणि पुढची दुरुस्ती कापली जाते. वर्गात बोललेले वर्गात राहील, ही हमी असेल तरच मूल चुकायला धजेल. अशी हमी केवळ मुस्लिम मुलांना हवी असे नाही. जातीवरून एखादे वाक्य बोलणाऱ्या मुलाला, पाळीविषयी शंका विचारणाऱ्या मुलीला, सगळ्यांनाच ती हवी.

ही हमी शिक्षकांकडूनही हवी. अलीकडे वर्गात रील करण्याची हौस वाढली आहे. कविता नाचून दाखवणारे वर्ग, चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाचा ‘गमतीशीर’ व्हिडिओ, शिक्षा म्हणून कान धरलेल्या मुलांची ओळ. लोक हसतात, शिक्षकाचे अनुयायी वाढतात. त्या मुलाला कुणी विचारलेले नसते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अपेक्षा ठेवतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ तर कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख जाहीर करायलाच मनाई करते. तरी अशा प्रसंगी मुलांचे फोटो सगळ्यात आधी मोठ्यांच्या ग्रुपवर फिरतात. कायदा बाजूला ठेवला तरी साधा प्रश्न उरतो : जे चित्र मुलाच्या लग्नापर्यंत त्याची पाठ सोडणार नाही, ते टाकण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

छात्राध्यापकांचा यात वेगळा पेच असतो. आम्ही मुलांपेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठे. पहिल्याच आठवड्यात ‘मॅडम, तुमचा इन्स्टा आयडी द्या ना’ अशी मागणी आली. नाही म्हटले की मुले हिरमुसतात आणि बरोबरीचे छात्राध्यापक म्हणतात, एवढे काय त्यात, मुलांशी मैत्री होते. मी दिला नाही आणि का देत नाही तेही वर्गात सांगितले. माझ्याशी जे बोलायचे ते शाळेत, दार उघडे असताना, इतरांसमोर बोलता आले पाहिजे. शिक्षक मुलाला रात्री अकरा वाजता खासगी मेसेज पाठवू शकतो, अशी वाट एकदा उघडली की ती चांगल्या शिक्षकासाठीही उघडते आणि वाईटासाठीही. मुलींच्या पालकांना हे लगेच पटले. आता मुलांनाही पटते आहे.

बंदीने काय होईल आणि काय होणार नाही

फोन बाहेर ठेवण्याच्या बाजूने जगात वारे आहे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना सोशल मीडियावर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा २०२४ मध्ये केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही सांगितले की, शिकण्याला खरोखर मदत होत असेल तेव्हाच शाळेत तंत्रज्ञान वापरावे. त्यात मला वावगे काही दिसत नाही. पण बंदी घातली की काम संपले, असे मानणाऱ्यांनी १ जुलै २०१८ ची तारीख लक्षात ठेवावी.

त्या दिवशी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले आणि पाचही जण मेले. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून जमाव एका कुटुंबावर धावून गेला. त्यात दोन वर्षांचे मूलही होते. तिथे काही स्थानिक लोक आणि पोलीस मध्ये पडले म्हणून ते वाचले. एक आदिवासी पट्ट्यातले गाव, दुसरे मुस्लिम बहुसंख्येचे शहर. अफवेने दोन्हीकडे सारखेच काम केले. फॉरवर्डला बळी पडणे ही कुणा एका समाजाची खोड आहे, अशा समजुतीत कुणी राहू नये.

त्या काळात फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक कराचीतला होता. लहान मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी तो केला होता. मोटारसायकलवरून मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि शेवटी संदेश दाखवतात. परत आणून सोडण्याचा आणि संदेशाचा भाग कापला गेला. उरले ते मूल पळवणे. व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे जाहीर केले. पण पाच ठिकाणी पाठवणाऱ्याच्या मनात ‘हे कुठले आहे?’ हा प्रश्न उठत नसेल, तर पाचचा आकडा काय करणार?

आणि जमावातली माणसे शाळकरी नव्हती. ती मोठी माणसे होती. ती शाळेत होती तेव्हा स्मार्टफोन नव्हता, म्हणजे त्यांचे वर्ग फोनमुक्तच होते. तरीही पुढे हातात आलेला मजकूर कसा वाचायचा, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. फोन बाहेर ठेवल्याने मुलाला वर्गात सुरक्षित बोलता येईल. ते मोठे झाल्यावर हातातल्या व्हिडिओला प्रश्न विचारील, याची खात्री बंदी देत नाही. ते शिकवावेच लागते.

फळ्यावरचा फॉरवर्ड

हे शिकवायला फोन लागत नाही. मी फॉरवर्ड जसाच्या तसा, त्यातल्या चुकांसकट आणि उद्गारचिन्हांसकट, फळ्यावर लिहिते. मुलांनी त्याला चार प्रश्न विचारायचे. हे कुणी म्हटले? कधी म्हटले? मूळ कुठे पाहता येईल? आणि हे वाचून मी काय करावे, अशी याची इच्छा आहे? चौथा प्रश्न मुलांना सर्वांत आवडतो, कारण त्याचे उत्तर शोधताना मेसेज लिहिणारा माणूस दिसू लागतो. कुणाला आपण घाबरायला हवे असतो, कुणाला रागवायला, कुणाला फुशारायला आणि कुणाला फक्त बटण दाबायला.

सुरुवात निरुपद्रवी फॉरवर्डने करावी. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केले, हा मेसेज अनेक वर्षे फिरतो आहे. असे काही झालेले नाही. नववीच्या वर्गात जवळपास सगळ्यांनी तो खरा मानला होता. मुलांनी विचारलेले प्रश्न पाहा : युनेस्को गाण्यांची स्पर्धा घेते का? दुसरा नंबर कुणाचा आला? जाहीर केले तर तारीख का नाही? ‘दुसरा नंबर कुणाचा’ हा प्रश्न मला सुचला नसता. दुसरा मेसेज दोन हजारांच्या नोटेतल्या चिपचा घेतला. २०१६ च्या नोटबंदीनंतर तो घरोघर पोचला होता. आता ती नोटही चलनातून मागे घेतली गेली आहे. मुले खूप हसली. आपल्या घरच्या मोठ्यांनी यावर विश्वास ठेवला होता, हे कळल्यावर त्यांचा धीर वाढला.

मग अवघड विषय. ९ जानेवारी आली की आपल्या सगळ्या ग्रुपवर फातिमा शेख यांच्या जयंतीचे मेसेज येतात. सावित्रीबाई फुल्यांच्या सहकारी, पहिल्या मुस्लिम शिक्षिका म्हणून आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. २०२२ मध्ये त्या तारखेला गुगलने डूडलही केले होते. जानेवारी २०२५ मध्ये लेखक-पत्रकार दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर दावा केला की, फातिमा शेख हे आपणच रचलेले पात्र आहे. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड घराघरात पोचले. एका बाजूला ‘खोटे पकडले गेले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आमचा इतिहास पुसला जातोय’. दोन्ही बाजूंनी पाठवणाऱ्यांपैकी मूळ कागद किती जणांनी पाहिला असेल?

मी वर्गात दोन्ही मेसेज फळ्यावर लिहिले. नंतर शाळेच्या ग्रंथालयातून डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय आणले. ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र आहे. आजारपणामुळे नायगावला माहेरी गेलेल्या सावित्रीबाईंनी ते जोतीरावांना लिहिले आहे आणि त्यात फातिमाचा उल्लेख आहे : आपण नसल्याने तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. मुलांनी ते पान एकेक करून पाहिले. एखादी व्यक्ती रचली गेली, हा दावा त्या पानासमोर टिकत नाही, हे मला सांगावे लागले नाही.

पण मग आम्ही दुसरा मेसेजही तपासला. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख कुठून आली? तिला त्या काळातल्या कागदाचा आधार मिळत नाही. ‘पहिल्या मुस्लिम शिक्षिका’ हे बिरुदही पत्रात नाही. ते नंतरच्यांनी दिले आहे. पत्रातून एवढेच कळते की फुले दांपत्याच्या कामात फातिमा नावाची विश्वासू सहकारी होती. एका मुलीचा चेहरा पडला. तिने विचारले, “मॅडम, मग आम्ही त्या दिवशी स्टेटस ठेवायचं नाही का?” मी म्हटले, जरूर ठेव, फक्त ज्याला आधार आहे ते लिही. पत्राची तारीख लिही. ती तारीख कुणी खोडू शकणार नाही.

मुस्लिम वाचकांसमोर मला हा मुद्दा आवर्जून मांडायचा आहे. आपल्याविरुद्धचे फॉरवर्ड आपण बारकाईने तपासतो, आणि ते तपासलेच पाहिजेत. पण आपल्या बाजूचे? अमुक शास्त्रज्ञाने तमुक आयत वाचून कलमा पढला, नमाजच्या अमुक हालचालीला नासाने मान्यता दिली, हा मेसेज दहा जणांना पाठवा म्हणजे खुशखबर मिळेल, अमुक पाल्याचा रस प्या आणि डायलिसिस टळेल. हे आपल्याच मोहल्ल्याच्या ग्रुपवर, आपल्याच चाचांकडून आणि खालांकडून येते आणि आपण अदबीने गप्प बसतो किंवा ‘माशाअल्लाह’ लिहून पुढे ढकलतो. सूरह हुजुरातची सहावी आयत बातमीची शहानिशा करायला सांगते, आणि अजाणता कुणाला इजा होईल व मागाहून पस्तावावे लागेल, हे त्याचे कारणही देते. त्यात बातमी आपल्या आवडीची असेल तर सूट, असे कुठे म्हटलेले नाही. खोट्या स्तुतीवर वाढलेले मूल खोट्या निंदेपुढे टिकत नाही, कारण दोन्हींना विचारायचा प्रश्न त्याला ठाऊकच नसतो.

शिक्षकांना कोण शिकवणार?

बीएडच्या अभ्यासक्रमात माहिती-तंत्रज्ञानाचा भाग आहे. २०१४ च्या नियमांनंतर अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, तेव्हा तंत्रज्ञानाची ‘चिकित्सक समज’ असे शब्दही त्यात आले. प्रत्यक्षात ती समज स्लाइड बनवण्यापर्यंत येऊन थांबते. पाठ निरीक्षणाला आलेले प्राध्यापक प्रोजेक्टर पाहून खूश होतात; फळ्यावरचा फॉरवर्ड पाहून विचारतात, हा कोणत्या घटकाचा पाठ? पाठ टाचणात त्याला रकाना नाही. मी तो मराठीत ‘बातमीलेखन’ आणि इतिहासात ‘इतिहासाची साधने’ या नावांखाली बसवते, आणि तो तिथे सहज बसतो. लिखित साधन, मौखिक साधन, प्राथमिक साधन, दुय्यम साधन हे सारे मुले परीक्षेसाठी पाठ करतातच. व्हॉट्सअॅपच्या मेसेजला तोच तक्ता लावून दाखवला की, त्या धड्याचा उपयोग त्यांना पहिल्यांदाच कळतो.

काही ज्येष्ठ शिक्षक म्हणतात, हे वादाचे विषय वर्गात कशाला? उद्या पालक भांडायला आले तर? त्यांची काळजी खरी आहे. शिक्षकाला सांभाळून घेणारे कुणी नसते आणि छात्राध्यापकाला तर मुळीच नाही. म्हणूनच हे काम एकट्या शिक्षकाच्या हिमतीवर सोडू नये. मुख्याध्यापकांनी ते शाळेचे काम म्हणून मान्य करावे, महिन्यातला एक तास वेळापत्रकात द्यावा, पालकसभेत आधी सांगावे. दोन समाजांत तेढ वाढवणारा ताजा मजकूर फळ्यावर घ्यायचाच असे नाही. राष्ट्रगीताचा, नोटेचा आणि पाल्याच्या रसाचा मेसेज एवढ्यानेही वर्षभराचा अभ्यास होतो. पद्धत हाती आली की, मूल ती ताज्या मेसेजला आपोआप लावते.

शाळेला हे जमत नसेल तर आपल्या हातात काय आहे? मोहल्ल्यात शिकवण्या चालतात, मशिदीला लागून अभ्यासिका आहेत, सुट्टीत तालिमी शिबिरे भरतात. तिथे आठवड्यातून एक तास काढायला कुणाची परवानगी लागत नाही. एक फळा, आठवड्याभरात घरच्या ग्रुपवर आलेले तीन मेसेज आणि चार प्रश्न. मुलींना आवर्जून बोलवा, कारण त्यांच्या हाती फोन उशिरा येतो आणि आला की एकटीच्या हाती येतो. मोठ्यांनाही बसू द्या. ज्या आईने मला मुलाला प्रश्न विचारू नका म्हणून सांगितले, तिलाही मी अशा तासाला बोलावले आहे. ती येईन म्हणाली आहे. तोवर मी तिच्या मुलाला वर्गात प्रश्न विचारतेच आहे, फोन बाहेर ठेवून.